एक दिवा काढायचा आहे

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पुण्यात ज्यांनी फ्लॅट घेतले, त्यांना ताबा मिळाला त्या दिवशी हॉलच्या भिंतीतून दोन वायरी बाहेर डोकावताना दिसल्या असतील. सोफा येणार त्या जागेच्या वर, जमिनीपासून साडेपाच-सहा फुटांवर. एक लाल, एक काळी, टोकं चिकटपट्टीने गुंडाळलेली. त्या तिथे का, हे विचारायची पद्धत नव्हती. बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘वॉल लाइट पॉइंट’ असं छापलेलं असे आणि त्या पॉइंटचे पैसे आपण मोजलेले असत. मोजलेले पैसे वसूल व्हायला हवेत, या न्यायाने लोक तपकीर गल्लीत जात आणि भिंतीला लावायचा दिवा घेऊन येत. मुंबईकर याच न्यायाने लोहार चाळीत जात. दिवा हवासा वाटला म्हणून भिंतीतून वायरी काढून घेतल्या, असं घर माझ्या पाहण्यात नाही. वायरी होत्या, म्हणून दिवे आले.

आमचा दिवा मात्र विकत आणावा लागला नाही. तो वास्तुशांतीला आला. आत्याने दिला. सोनेरी दांडा, त्याला दोन बाजूंना वळलेल्या दोन फांद्या, प्रत्येक फांदीवर दुधी काचेचं एकेक कमळ आणि कमळाच्या काठाला सोनेरी रेघ. खोकं उघडताना आत्या म्हणाली होती, “प्युअर ब्रास आहे हं.” हे वाक्य आमच्या घरात दिव्याबरोबरच भिंतीवर बसलं. दिवा कुरूप आहे असं कुणाला वाटलंच, तरी तो प्युअर ब्रासमध्ये कुरूप होता.

त्याचा उपयोग काय होता, हा प्रश्न जरा अन्यायाचा आहे, पण विचारायला हवा. दोन्ही कमळं वर तोंड करून उमललेली, त्यामुळे सगळा प्रकाश छताकडे जाई. छताच्या कोपऱ्यातली जळमटं त्या उजेडात फार स्पष्ट दिसत. खाली सोफ्यावर पेपर वाचणाऱ्याला त्यातलं काही मिळत नसे. पहिल्या पावसानंतर कमळांमध्ये पाखरं पडत आणि दसऱ्याच्या साफसफाईपर्यंत तिथेच राहत. आधी त्यात 40 वॅटचे दोन बल्ब होते, मग सीएफएल आले आणि त्यांच्या नळ्या कमळाच्या बाहेर दीड इंच आल्या, मग एलईडी आले. पाहुणे आले की दिवा लागे आणि पाहुणे गेले की आई तो बंद करी. त्याहून जास्त काम त्याला कुणी दिलं नाही.

तो नकोसा झाला तो आमच्यामुळे नव्हे, उंचीमुळे. दिवा लावला तेव्हा घरात पाच फूट सहा इंचांच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. पुढच्या पिढीने दूध की क्रिकेट की आणखी कशामुळे, पण सहा फूट गाठले. कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आलेला भाचा सोफ्यावरून उठला की थेट कमळात जाई. एकदा डावं कमळ, एकदा उजवं. दुसऱ्यांदा कपाळावर टेंगूळ आलं तेव्हा बायको म्हणाली, “तो दिवा काढा.” आणि घरात सर्वपक्षीय बैठक सुरू झाली.

दिवा लावताना कुणाचीही परवानगी लागत नाही. तो काढताना पंचांग उघडावं लागतं. आईचं पहिलं म्हणणं, आषाढात नको, दिव्याची अवस येते आहे, त्या दिवशी दिवे घासून पुसून पूजायचे असतात आणि आपण काढणार? मी म्हटलं, ती पूजा समयांची असते, दुधी काचेच्या कमळांची नसते. आई म्हणाली, “दिवा तो दिवा.” श्रावणात सणवार. भाद्रपदात गणपती, म्हणजे माणसांची ये-जा, म्हणजे हॉलमध्ये लाइट हवाच. मग पितृपक्ष; त्यात घरातली काही वस्तू हलवायची तर आधी गेलेल्यांची परवानगी हवी. आणि मग दिवाळी. दिवाळीच्या तोंडावर घरातला दिवा काढणारा माणूस महाराष्ट्रात अजून जन्मायचा आहे.

वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ आहेत, सोसायटीच्या कमिटीत असतात. त्यांचं मत आणखी वेगळं. “कशाला काढता? रिडेव्हलपमेंट होणारच आहे.” हे वाक्य आमच्या सोसायटीत कित्येक वर्षं चालू आहे आणि त्याने गळके नळ, उखडलेल्या फरश्या आणि लिफ्टमधला एक कायमचा अंधार सुखरूप राखला आहे. इमारत पडणारच आहे, तर ती पडेपर्यंत काही दुरुस्त करायचं नाही.

कायद्याकडे पाहिलं तर तिथेही गंमतच. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांमधला 45 वा नियम असा होता, की घरातलं विजेचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं. अपवाद फक्त दिवे, पंखे, फ्यूज, बटनं वगैरे बदलण्याचा, तोही जोडणीची क्षमता आणि स्वरूप बदलणार नसेल तर. 2010 च्या नियमावलीतही हा अपवाद तसाच आला. म्हणजे एका दिव्याच्या जागी दुसरा दिवा येईल, हे नियम करणाऱ्यांना सुचलं होतं. दिवा काढून त्या जागी काहीच लावायचं नाही, असं कुणी म्हणेल हे त्यांच्या मनात आलेलं दिसत नाही. त्यांच्याही हॉलमध्ये सोफ्याच्या वर एकेक दिवा असणार.

विजेबद्दल आपल्या घराघरांतून जे शास्त्र चालतं ते भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. या शास्त्राचे दोन मुख्य पंथ आहेत. पहिला चप्पल-पाट पंथ. पायात रबरी चप्पल घालायची, खाली लाकडी पाट घ्यायचा, एक हात मागे धरायचा आणि मग वाटेल ते करायचं. माझे एक काका या पंथाचे. चप्पल-पाटाने जमिनीकडे जाणारी वाट बऱ्यापैकी बंद होते हे खरं. पण एका हातात लाल वायर आणि दुसऱ्या हातात काळी आली तर वीज जमिनीकडे जायच्या भानगडीत पडत नाही, एका हातातून शिरते आणि छातीतून दुसऱ्या हाताकडे निघते. पाटावरचा माणूस पाटावरच राहतो.

दुसरा गुरुवार पंथ. पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार. लाइट गुरुवारी जाते, पाणीही गुरुवारीच जातं, आणि दोन्ही गेलं की पुणेकराला आठवड्याचा मध्य आल्याचं कळतं. दूरचा एक नातलग म्हणाला, “गुरुवारी लाइट नसतेच, तेव्हा काढून टाक. मेन बंद करायची कटकट नको.” यातली मेख अशी की गेलेली लाइट कधी येणार हे ती पाठवणाऱ्यालाही आधी नक्की माहीत नसतं. पाच वाजता येणार असं कळवलेलं असतं आणि ती साडेतीनला येते. एरवी या गोष्टीचा आपल्याला आनंद होतो. वायरी हातात असताना होणार नाही.

शिवाय इन्व्हर्टर. लोडशेडिंगच्या दिवसांत महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत बाल्कनीत किंवा जिन्याखाली एक बॅटरी आणि तिच्यावर एक पेटी आली. लोडशेडिंग सरलं, पेट्या राहिल्या. आता आपण मेन स्विच बंद केला की त्या पेटीला वाटतं लाइट गेली, आणि तिच्याकडे सोपवलेले दिवे ती क्षणात, बिनतक्रार चालू ठेवते. आपण मेन पाडून विजयी चेहऱ्याने हॉलमध्ये यावं आणि जो दिवा काढायचा तोच लखलखत असावा, हे दृश्य फार शैक्षणिक आहे. ज्यांच्या घरात दिवा आधीच बंद असतो त्यांना मात्र हे शिक्षण मिळत नाही. ते सरळ स्क्रू ड्रायव्हर घेऊन चढतात. इन्व्हर्टर असेल तर मेनबरोबर तोही बंद करायचा. सोपी गोष्ट आहे. पण इन्व्हर्टर बंद म्हणजे वायफाय बंद, आणि वायफाय बंद करायला आईच्या पंचांगापेक्षा मोठा मुहूर्त लागतो.

सगळ्या घराची लाइट घालवण्यापेक्षा एकच एमसीबी पाडावा, हा सुज्ञ विचार बायकोला सुचला. त्यासाठी कुठला एमसीबी कशाचा ते माहीत हवं. पॅसेजमधल्या पेटीत बटनांखाली कागदाची पट्टी असते, तीवर हे लिहायचं असतं. आमच्या पट्टीवर सहा बटनांना मिळून दोन शब्द आहेत, एक ‘लाइट’ आणि एक ‘एसी’. आमच्याकडे एसी नाही. म्हणून मग दिवा लावून ठेवला, मी पेटीपाशी आणि भाचा हॉलमध्ये, अशी शोधमोहीम निघाली.

“गेला का?”

“काय?”

“दिवा!”

“नाही, पंखा गेला.”

“आता?”

“आता आजीची सिरियल गेली.”

“आता?”

“मामा, आजी तिकडे यायला निघाली आहे.”

सापडला, पाचवा. तो पाडला की दिव्याबरोबर बाथरूमचा एक दिवा आणि दाराची बेलही जाते. या तिघांचं नातं काय, हे वायरिंग करणाऱ्यालाच ठाऊक. मी पट्टीवर पेनने ‘कमळ’ असं लिहून ठेवलं. एवढी नोंद झाल्यावर आता पुढचं काम मी करावं, असा एक सूर निघाला. घरातला पुरुष म्हणून माझ्याकडे पाहिलं जात होतं. पण आमची इमारत ज्या काळातली आहे त्या काळात वायरमनने काय केलं असेल याचा भरवसा मला नाही, आणि भरवसा नसलेल्या ठिकाणी माणूस बोलवावा असं माझं मत आहे. आणखी जुन्या इमारतींत तर अॅल्युमिनियमच्या वायरी सापडतात. त्या दोनदा वाकवल्या की तिसऱ्यांदा तुटतात, आणि जी तुटते ती नेमकी भिंतीच्या आत तुटते.

आता वायरमन. आयटीआयमध्ये ‘इलेक्ट्रिशियन’ आणि ‘वायरमन’ हे दोन वेगळे ट्रेड आहेत, पण आपल्यासाठी जो फोन उचलतो तो वायरमन. आणि फोन उचलल्यावर तो पहिला प्रश्न विचारतो, “अजून काय काम आहे?” एक दिवा काढण्यासाठी कुठलाही स्वाभिमानी वायरमन गाडीला किक मारत नाही. त्यामुळे कामं साठवावी लागतात. पंख्याचा रेग्युलेटर, गीझरचा सैल झालेला सॉकेट, बेडरूममधलं एक बटन जे दाबलं की चर्र असा आवाज येतो. एवढा ऐवज जमल्यावर त्याने “उद्या सकाळी” असं सांगितलं, आणि त्या आठवड्यातल्या एका दुपारी तो आला. दुपारी आला ते एका अर्थी बरंच झालं. लाइट बंद करून करायचं काम संध्याकाळी काढलं, तर अंधारात मोबाइलचा उजेड धरायला एक माणूस लागतो, आणि तो माणूस नेमका कामाच्या ठिकाणी सोडून बाकी सगळीकडे उजेड पाडतो.

पन्नाशीचा, चष्मा दोरीला बांधलेला, पायात बंद बूट. पहिल्यांदा त्याने दिव्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. हे मला आवडलं. मग विचारलं, “बंद असताना मंद पेटतो का हो हा? रात्री?”

आई सोफ्यावरच होती. ती एकदम खुलली. “अहो भाऊ, रात्रभर! समईसुद्धा एवढा वेळ तेवत नाही. मी रोज झोपताना बघते. एलईडी लावल्यापासून बघते.”

“म्हणजे बटनात न्यूट्रल घेतलाय,” तो म्हणाला. “असेल असं वाटतं. बघू.”

आईच्या चेहऱ्यावरून एक मोठा आध्यात्मिक अनुभव उतरताना मी पाहिला. बटनाने फेजची वायर तोडायची असते. काही महाभाग घाईत न्यूट्रलची तोडतात. दिवा तरीही लागतो आणि विझतो, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. फक्त बटन बंद असलं तरी दिव्याच्या होल्डरपर्यंत 230 व्होल्ट येऊन थांबलेले असतात. एलईडीला तेवायला अगदी थोडी वीज पुरते, म्हणून तो अशा घरात रात्री मंद जळत राहू शकतो. तसा तो बटनातल्या इंडिकेटरमुळेही जळू शकतो किंवा शेजारून जाणाऱ्या लांबलचक वायरींमुळेही, म्हणून वायरमन “असेल असं वाटतं” म्हणाला. “नुसतं बटन बंद करून काढून टाक,” असं सांगणारे माझ्या परिचयात निदान अर्धा डझन लोक आहेत. ते सगळे सुशिक्षित आहेत.

त्याने बटन बंद केलं, एमसीबी चालूच ठेवला, दांड्याचं झाकण सरकवलं आणि टेस्टर लावला. लाल वायरीवर पेटला. काळीवरही पेटला. भाचा म्हणाला, “दोन्ही फेज?” वायरमनने दोन्ही बल्ब काढले आणि पुन्हा लावला. आता फक्त लालवर पेटला. काळीवर दिसली ती फेजच होती, दिव्यातून फिरून आलेली. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने हे वहीत लिहून घेतलं नाही, पण तोंड बराच वेळ उघडं होतं.

टेस्टर या वस्तूबद्दल आपल्याकडे फार श्रद्धा आहे. फ्रिजवरच्या टोपलीत रबरबँड, औषधाच्या पट्ट्या आणि टेस्टर असतोच. आपण त्याने डब्याची झाकणं उघडतो. त्याच्या पोटात एक छोटा निऑनचा दिवा आणि लाखो ओहमचा रोधक असतो, आणि त्याच्या टोकाला बोट लावलं की सर्किट आपल्या अंगातून पुरं होतं. रोधकामुळे वीज इतकी कमी जाते की जाणवत नाही. पण यात एक पेच आहे. चप्पल-पाट पंथाचा माणूस जितका कडेकोट बंदोबस्त करून पाटावर उभा राहील, तितका त्याचा टेस्टर मिणमिणता पेटेल, आणि भर दुपारच्या उजेडात मिणमिणता टेस्टर न पेटल्यासारखाच दिसतो. जी वस्तू जपण्यासाठी पायाखाली घेतली, तीच टेस्टरला खोटं बोलायला लावते.

आमच्या वायरमनची पद्धत बघण्यासारखी होती. पाचवा एमसीबी पाडला, इन्व्हर्टर बंद केला, मेनही पाडला. “‘कमळ’ कुणी लिहिलं?” एवढंच विचारलं. पेटीच्या झाकणावर चिकटपट्टी आडवी लावली आणि मला म्हणाला, “साहेब, इथे कुणी हात लावायचा नाही. सांगून ठेवा.” हे सांगणं फार गरजेचं असतं. प्रत्येक मराठी घरात एक माणूस असा असतो ज्याला खाली पडलेला एमसीबी बघवत नाही. तो बाहेरून येतो, बेल वाजत नाही, किल्लीने दार उघडतो, अंधार बघतो आणि “एवढं साधं कळत नाही का तुम्हाला” असं म्हणत पेटीकडे धावतो. आमच्या घरात ही भूमिका माझा भाऊ करतो. त्याला फोन करून, संध्याकाळपर्यंत येऊ नकोस, असं सांगितलं.

मग वायरमनने पिशवीतून एक होल्डर काढला. त्यात बल्ब आणि खाली दोन वायरी लोंबत होत्या. त्या आधी शेजारच्या फ्लॅटच्या सॉकेटमध्ये लावून बघितल्या, पेटला. मग दिव्याचं बटन चालू करून आमच्या भिंतीतल्या लाल-काळीला लावल्या, पेटला नाही. मग परत शेजारी जाऊन लावल्या, पेटला. शेजारच्या वहिनींना वाटलं त्यांच्याकडेही काही काम निघालं. मी विचारलं, परत कशाला? म्हणाला, “मधल्या वेळात माझाच बल्ब उडाला असला तर?” उपकरणावर संशय घ्यायचा, भिंतीवर संशय घ्यायचा आणि परत उपकरणावर संशय घ्यायचा. संशयी माणसाला संसारात त्रास होतो असं म्हणतात. विजेच्या धंद्यात तोच म्हातारा होतो.

या दरम्यान काकांचा फोन आला आणि एमसीबी असताना एवढी भीती कशाला, असं त्यांनी विचारलं. काही झालं तर पडेल की तो. हा गैरसमज इतका गोड आहे की तो मोडायला जिवावर येतं. लाइटच्या लाइनवरचा एमसीबी साधारण 6 अँपिअरचा असतो. त्याहून जास्त वीज ओढली गेली तर तो पडतो. माणसाच्या छातीतून त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढी वीज गेली तरी प्राण जाऊ शकतो. तेवढ्याने एमसीबी हलतसुद्धा नाही. वायर तापून जळू नये म्हणून तो बसवलेला असतो. वायर पकडून उभा असलेला माणूस त्याच्या खात्यात येत नाही. माणसासाठी वेगळं यंत्र असतं, आरसीसीबी. 30 मिलिअँपिअर वीज गळताना दिसली की ते क्षणार्धात सगळं बंद करतं. पण लाल-काळी दोन हातांत धरणाऱ्याला तेही ओळखत नाही. त्याच्या हिशेबी तो माणूस म्हणजे आणखी एक दिवा. हे सगळं मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, “आमच्या वेळी फ्यूज होते.”

प्रत्यक्ष दिवा काढायला फारसा वेळ लागला नाही, आणि त्यात सांगण्यासारखंही थोडंच. कमळं आधी उतरवली. दांड्याच्या कडेने कटरचं पातं फिरवलं, कारण भिंतीला तीनदा रंग लागला होता आणि रंगाऱ्याने दरवेळी दिवा न काढता त्याच्याभोवती ब्रश फिरवला होता. पातं न फिरवता ओढला असता तर हातभर रंगाचा पापुद्रा सोबत आला असता. स्क्रू गंजलेले होते, एक भिंतीतल्या लाकडी ठोकळ्यासकट आला. दिवा भाच्याच्या हातात धरायला दिला, वायरींवर लोंबकळू दिला नाही. ज्या कपाळाने दोन कमळांचे घाव सोसले ते कपाळ आता त्याच दिव्याला टेकून उभं होतं, कारण दोन्ही हात गुंतले होते.

आणि मग भिंतीत पुन्हा लाल आणि काळी. त्यांचं काय करायचं, इथे खरा वाद झाला. घरचं मत असं की दोन्ही एकत्र पिळायच्या, वर टेप गुंडाळायची, आत ढकलायच्या आणि लांबी भरून रंग मारायचा. दोन्ही एकत्र पिळणं म्हणजे पुढे कधी चुकून बटन दाबलं की स्फोट, हे वायरमनने फार सौम्य शब्दांत सांगितलं. प्रत्येक वायरीचं टोक वेगळं, वेगळ्या कनेक्टरमध्ये. नुसती टेप चार उन्हाळे टिकते, पाचव्याला तिचा गोंद वितळून ती सैल पडते. त्याने खाली बोर्ड उघडला. तिथे लाल वायर थेट फेजला बांधलेली आणि काळी बटनातून फिरवलेली, त्याचं म्हणणं खरं निघालं. दोन्ही तिथूनही सोडवल्या आणि वेगवेगळ्या बंद केल्या. आता भिंतीतल्या वायरींत काहीच येणार नव्हतं. तरी त्याने भिंतीत छन्नीने खाच घेऊन प्लास्टिकचा बॉक्स बसवला आणि वर पांढरी ब्लँक प्लेट लावली.

“आता तर मेल्या ना वायरी? मग लांबी भरून टाका की,” बायको म्हणाली. तिला सपाट भिंत हवी होती.

“ताई, उद्या दुसरा कुणी बोर्ड उघडेल आणि मोकळी वायर दिसली म्हणून जोडून ठेवेल. टोक भिंतीत गाडायचं नाही. उघडता आलं पाहिजे.” मग थोडं थांबून म्हणाला, “दुसरा म्हणजे मीसुद्धा असू शकतो. माझ्या लक्षात राहणार आहे का?”

एवढा प्रामाणिक युक्तिवाद मी विधानसभेच्या थेट प्रक्षेपणातसुद्धा ऐकलेला नाही.

ब्लँक प्लेट आली. दिवा होता तोवर कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं, आता येणारा प्रत्येक माणूस त्या पांढऱ्या चौकोनाकडे बोट दाखवून “इथे काय होतं?” असं विचारतो. बोर्डावरचं एक बटन कशाचंच उरलेलं नाही. आई ते रोज रात्री बंद करते. चौकोन झाकायला म्हणून तिने ‘कालनिर्णय’ आणलं. 1973 पासून ते मराठी घरात तिथी, एकादशी सांगत आलं आहे, आणि त्याच्यामागे महाराष्ट्रातल्या किती भिंतींची किती भोकं सुखाने नांदत असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. कॅलेंडर म्हणजे खिळा आला. आणि कॅलेंडरने प्लेट झाकायची तर खिळा प्लेटच्या बरोबर वर यायला हवा.

दिव्याकडे येणारा पाइप भिंतीतून सरळ वरून किंवा सरळ खालून येतो, त्यामुळे अशा ठिकाणच्या बरोबर वर आणि बरोबर खाली खिळा ठोकू नये, हा साधा नियम आहे. आपल्या घरांत फोटो, घड्याळ आणि कॅलेंडर नेमके बटनांच्या आणि दिव्यांच्या बरोबर वर, मध्यावर, रेषेत लागतात, कारण आपल्याला समतोल आवडतो. आमच्याकडे पाइप खाली बोर्डातूनच आला होता, पण वर काही गेलं नाही असं छातीठोक सांगणारा कुणी नव्हता. भाच्याने चिकटवायचा हुक आणला. पावसाळ्यात तो हुक अधूनमधून सुटतो आणि कॅलेंडर सोफ्यावर बसलेल्याच्या डोक्यात पडतं. पण ते कागदाचं आहे, आणि भाचा सोडून इतरांच्याही डोक्यात पडतं, एवढी समता त्यात आहे.

राहिला दिवा. वर्षभर तो माळ्यावर होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आणि त्याचे गंजके स्क्रू एका जुन्या मोज्यात. आत्या येणार असली की तो खाली काढावा का, यावर चर्चा होई. आत्या आली की तिला काही आठवत नाही असं दिसे. शेवटी भंगारवाल्याला बोलावलं. कमळांना तळाशी होल्डरसाठी मोठं भोक असल्यामुळे त्यांचं भांडंही होईना आणि कुंडीही होईना. काच तो घेतच नाही म्हणाला. मी दांडा पुढे केला. “पितळ आहे,” मी म्हटलं. आई आतून म्हणाली, “प्युअर ब्रास.”

त्याने खिशातून दोरीला बांधलेलं लोहचुंबक काढलं आणि दांड्याजवळ नेलं. ते टक्कन चिकटलं. वरच्या फांदीला चिकटलं, खालच्या फांदीला चिकटलं, वळणावर चिकटलं. आई दारात येऊन उभी होती. तिने पदर नीट केला आणि आत गेली.

“लोखंड आहे, साहेब. वर पाणी मारलंय. याचं काही येणार नाही.” मग त्याने दांड्यातून लोंबणारं वायरीचं बोटभर टोक चाचपलं. “तांबं आहे का अजून? तांब्याला भाव आहे.”

मी म्हटलं, तांबं भिंतीत आहे.

त्याने हॉलच्या भिंतीकडे एकदा नीट पाहिलं, पार छतापासून खालच्या बोर्डापर्यंत. “मग भिंत पाडाल तेव्हा बोलवा.”

सोसायटीच्या फळ्यावर रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगची नोटीस लागली आहे, येत्या रविवारी अकरा वाजता, विषय क्रमांक एक. मी त्याचा नंबर लिहून घेतला.